गाडी म्हणते ‘वाजव’. काय ते सांगत नाही

दिवाळीच्या सुट्टीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत एकाच तक्रारीची पत्रे इतकी आहेत की या वेळी दुसरा विषय घेणे शक्य झाले नाही. फोन गाडीला जोडला गेला की नको असलेले ॲप आपोआप गाऊ लागते आणि हवे असलेले मुके राहते, ही ती तक्रार. पत्रे बेळगाव शहरातून आली आहेत, तशीच खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागांतूनही आली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे. इतरांनीही ते आधी वाचावे, म्हणजे पुढची उत्तरे थोडक्यात आटोपता येतील.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक असून टिळकवाडीत राहतो. गाडी चार वर्षांपूर्वीची आहे आणि फोन अँड्रॉइडचा आहे. सकाळी भाजी आणायला गाडी काढताना कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकण्याचा माझा परिपाठ होता. आपल्या शेजारच्या सुळेभावीत जन्मलेल्या या गायकाचा स्वर कानी पडल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. सुट्टीत पुण्याहून नातू आला, त्याने माझ्या फोनात गाण्यांचे एक नवे ॲप घातले आणि तो परत गेला. तेव्हापासून किल्ली फिरवली की त्याची धडामधुडूम गाणी सुरू होतात. परवा दुसऱ्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली असताना काचा खाली होत्या आणि शेजारच्या स्कूटरवर माझे दोन माजी विद्यार्थी होते. अधिक लिहीत नाही. मी घाईने आवाज शून्यावर नेतो आणि घरी आल्यावर ते ॲप बोटाने सरकवून बंद करतो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भजने आता घरी टीव्हीवर ऐकतो. फोनला मी काहीच सांगितलेले नसताना तो असे का करतो? ॲप काढून टाकले तर नातू पुढच्या सुट्टीत रुसेल. — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: आपण फोनला काहीच सांगितलेले नसते हे खरे आहे, गाडीने सांगितलेले असते. ब्लूटूथने फोन आणि गाडी जोडली जातात तेव्हा त्यांच्यात एक नव्हे, तीन-चार निरनिराळे व्यवहार सुरू होतात. फोनवरचे बोलणे गाडीच्या माइकवरून आणि स्पीकरवरून नेणे हा एक व्यवहार, गाण्याचा आवाज पोहोचवणे हा दुसरा, गाडीच्या बटणांचे हुकूम फोनला कळवणे हा तिसरा, आणि फोनमधील नावे व क्रमांक गाडीच्या पडद्यावर आणणे हा चौथा. जाणकार मंडळी यांना अनुक्रमे एचएफपी, एटूडीपी, एव्हीआरसीपी आणि पीबीएपी म्हणतात. ही नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही, पण हे चार व्यवहार वेगवेगळे आहेत एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, कारण पुढे त्यांतला एकच बंद करण्याची वेळ येणार आहे.

आपल्या त्रासाचे मूळ तिसऱ्या व्यवहारात आहे. पुष्कळ गाड्यांतील सिस्टीम जोडणी पुरी होताच कोणीही बटण न दाबता फोनकडे ‘वाजव’ असा हुकूम पाठवते. गाडीत बसल्याबरोबर संगीत सुरू व्हावे, ही त्यामागची बनवणाऱ्यांची समजूत. हा हुकूम फार जुन्या वळणाचा आहे: त्यात वाजव, थांब, पुढचे, मागचे असे मोजकेच शब्द आहेत आणि कोणत्या ॲपने वाजवायचे हे सांगण्याची सोयच नाही. गाडीला आपल्या फोनात किती ॲप आहेत हे ठाऊक नसते आणि त्याच्याशी तिला कर्तव्यही नसते. घरात कोणाचेही नाव न घेता ‘अरे, जरा दार उघडा’ म्हटले की जो नुकताच दाराजवळून गेलेला असतो त्यालाच उठावे लागते. फोनातही तसेच होते. अँड्रॉइडच्या ८.० या, म्हणजे २०१७ च्या आवृत्तीपासून नियम असा आहे की असा बेनामी हुकूम आला म्हणजे ज्या संगीत-ॲपने या फोनावर शेवटचा आवाज काढला असेल त्याच्याकडे तो द्यायचा, आणि ते ॲप झोपलेले असल्यास त्याला उठवून द्यायचा. म्हणूनच आपण ते बोटाने सरकवून बाहेर काढले तरी उपयोग होत नाही. सरकवल्याने ॲप नजरेआड होते, पण फोनाच्या आठवणीत ‘शेवटचा गाणारा’ तोच राहतो.

आपल्या पत्रात दोन बारकावे असे आहेत की त्यांच्यामुळे आपण नकळत एका चक्रात अडकला आहात. पहिला म्हणजे, सकाळी गाडी त्या ॲपला सुरू करते, म्हणजे त्या दिवसाचा शेवटचा गाणारा पुन्हा तेच ठरते आणि दुसऱ्या दिवशीचा हुकूमही त्याच्याकडेच जातो. दुसरा म्हणजे, आपण भजने आता टीव्हीवर ऐकता. टीव्हीवर वाजलेले गाणे फोनाच्या या हिशेबात धरले जात नाही. एकदा जरी आपण भजनाचे ॲप फोनाच्याच स्पीकरवर किंवा गाडीत वाजवून थांबवले असते, तरी चक्र तुटले असते.

आवाज शून्यावर नेण्याबद्दलही येथेच सांगतो. आवाज शून्य झाला तरी गाणे चालूच असते आणि इंटरनेटही खर्च होतच असते. सेकंदाला १६० किलोबिट या साधारण चांगल्या प्रतीचे गाणे तासाला सुमारे ७२ एमबी खाते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे फार नाही, पण न ऐकलेल्या गाण्यासाठी ते का द्यावे? आवाज कमी करण्याऐवजी थांबवण्याचे बटण दाबत जावे.

आता इलाज. माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत योग्य उपाय ‘फोर्स स्टॉप’ हा आहे. फोनाच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन नातवाच्या ॲपचे नाव दाबावे आणि तेथील ‘फोर्स स्टॉप’ हे बटण दाबावे. नाव दांडगट असले तरी याने ॲप पुसले जात नाही, त्याचे चित्र जागेवर राहते, नातवाने जमवलेली यादीही राहते. फक्त कोणीतरी स्वतःच्या बोटाने ते पुन्हा उघडेपर्यंत बाहेरून आलेला कोणताही हुकूम त्याला उठवू शकत नाही. नातू सुट्टीत येऊन उघडेल तेव्हा ते चालू होईल आणि तो गेल्यावर आपण पुन्हा फोर्स स्टॉप कराल, एवढाच वार्षिक सोपस्कार. त्याच बैठकीत भजनाचे ॲप उघडून एखादे भजन दहा-पंधरा सेकंद फोनाच्याच स्पीकरवर वाजवावे आणि थांबवावे. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवल्यावर हुकूम त्याच्याकडे जाईल, आणि भजन जेथे थांबले होते बहुधा तेथूनच पुढे सुरू होईल.

काही ॲपांत याहून सभ्य मार्ग आहे. यूट्यूब म्युझिकच्या अँड्रॉइडवरील सेटिंग्जमध्ये ‘बाहेरच्या उपकरणांना वाजवणे सुरू करू द्यावे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी पर्याय आहे. तो बंद केला की गाडीचा किंवा हेडफोनचा हुकूम ते ॲप मनावर घेत नाही. नातवाचे ॲप तेच असेल तर फोर्स स्टॉपही नको. या पर्यायाची जागा नव्या आवृत्त्यांत हलत असते, म्हणून सेटिंग्जच्या सर्व उपयाद्या सावकाश चाळाव्यात. काही कंपन्यांच्या फोनांत प्रत्येक ॲपला ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी परवानगी असते. ती नको असलेल्या ॲपची काढावी आणि हव्या असलेल्याची ठेवावी.

राहिला गाडीकडचा इलाज. काही सिस्टीममध्ये ब्लूटूथच्या सेटिंग्जखाली ‘ऑटो प्ले’ असा पर्याय असतो. तो सापडला तर मूळ हुकूमच जाणार नाही. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी गाडी जेथून घेतली तेथे यासाठी दोनदा खेटे घातले आणि दोन्ही वेळा ‘तसे काही नसते’ असे उत्तर घेऊन परतले. शेवटी पुढच्या सीटसमोरच्या खणातील माहितीपुस्तिकेत तो पर्याय त्यांना आपल्या घरच्या अंगणात सापडला. तेव्हा पुस्तिका एकदा पाहावी. पर्याय नसेल तर एक जुनीच युक्ती बऱ्याच गाड्यांत चालते. गाडी बंद करण्यापूर्वी सिस्टीम आकाशवाणीवर नेऊन ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती आकाशवाणीवरच जागी होते, फोन केवळ बोलण्यासाठी जोडला जातो, आणि आपण स्वतः ब्लूटूथकडे वळेपर्यंत ‘वाजव’ हा हुकूम बहुधा जात नाही. माजी विद्यार्थ्यांसमोर बातम्या लागलेल्या बऱ्या.

प्रश्न: आमची गाडी सुरू झाली की फोनातील गाण्यांपैकी नेहमी एकच लागते, आणि ते म्हणजे गणपतीची आरती. फोनात शंभरावर गाणी आहेत. मी गाणी ऐकते ती दुसऱ्या ॲपवर. फोनाबरोबर आलेल्या ॲपला मी हातही लावत नाही. सासूबाई शेजारी असल्या की आरती संपेपर्यंत हात जोडून बसतात, त्यामुळे मध्येच बंद करणेही बरे दिसत नाही. रोज बाजारात जाताना, पेट्रोल भरताना, मुलांना शाळेत सोडताना तीच आरती. यावर काय करावे? — एक वाचक, खानापूर

उत्तर: आपल्या वर्णनावरून आपला फोन आयफोन असावा. गाडीकडून बेनामी ‘वाजव’ आला आणि नुकतेच वापरलेले कोणतेही ॲप जागे नसले की आयफोन तो हुकूम आपल्याबरोबर आलेल्या म्युझिक या ॲपकडे देतो. त्या ॲपलाही काय वाजवावे हे सांगितलेले नसते, म्हणून पुष्कळदा ते गाण्यांच्या यादीत वर्णक्रमाने पहिले असलेले गाणे घेते. आरतीचे नाव कोणीतरी रोमन लिपीत लिहिलेले असणार आणि ते ‘ए’ने, बहुधा दोन ‘ए’ने सुरू होत असणार, यादीत त्याच्या वर जाणे दुसऱ्या गाण्याला कठीणच आहे. विघ्नहर्त्याचा अग्रपूजेचा मान येथे वर्णमालेने राखला आहे.

हा अनुभव जगभरचा आहे. अमेरिकेत २०१७ साली एका माणसाने जवळजवळ दहा मिनिटांचे निव्वळ शांततेचे ‘गाणे’ तयार केले, त्याच्या नावाच्या आरंभी एकामागून एक सुटे ‘ए’ लिहिले आणि ते आयट्यून्सवर विकायला ठेवले. गाडी सुरू झाल्यावर तेच पहिले लागावे आणि आपल्याला हवे ते लावायला दहा मिनिटे मिळावीत, एवढाच त्याचा उपयोग. आणि लोकांनी ते पैसे मोजून घेतले.

आपल्याला शांतता विकत घेण्याची गरज नाही. म्युझिक ॲप आपण वापरतच नसाल तर ते फोनातून काढून टाकता येते आणि पुढे केव्हाही ॲप स्टोअरमधून फुकट परत घेता येते. मात्र काढण्यापूर्वी त्यातील शंभर गाणी दुसरीकडे, निदान घरच्या संगणकावर आहेत याची खात्री करून घ्यावी.

ॲप ठेवायचेच असेल तर आयफोनातील शॉर्टकट्स हे ॲप उघडावे. २०१९ च्या आयओएस १३ पासून त्यात ऑटोमेशन नावाचा विभाग आहे. तेथे नवे ऑटोमेशन निवडून ब्लूटूथ हा प्रसंग घ्यावा आणि यादीतून आपल्या गाडीचे नाव निवडावे. गाडीत कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय, असेल तर ब्लूटूथऐवजी कारप्लेचा प्रसंग घ्यावा. नंतर ‘विचारल्याशिवाय लगेच चालव’ या अर्थाचा पर्याय निवडावा, नाहीतर प्रत्येक वेळी फोन परवानगी मागत बसेल. आता कृती जोडायच्या. पहिली कृती पाच सेकंद थांबण्याची आणि दुसरी गाणे थांबवण्याची. पहिली कृती का, असे वाटेल. मी हे प्रथम करून पाहिले तेव्हा थांबवण्याची एकच कृती ठेवली होती. फोनाने आज्ञाधारकपणे ‘थांब’ म्हटले तेव्हा काही वाजतच नव्हते, आणि दोन सेकंदांनी गाडीचा ‘वाजव’ येऊन पोहोचला. गाडीला जोडणी होऊन हुकूम पाठवायला थोडा अवधी लागतो, तेवढा तिला दिलाच पाहिजे. गाडी फारच सुस्त असेल तर पाचाचे आठ करावेत.

थांबवण्याऐवजी आपले आवडते ॲप सुरू करायचे असेल तर त्या ॲपने शॉर्टकट्समध्ये स्वतःची वाजवण्याची कृती दिली आहे का ते शोधावे. नुसती ‘ॲप उघड’ ही कृती फोन कुलूपबंद असताना चालत नाही, आणि पर्समधला फोन बहुधा कुलूपबंदच असतो. तशी कृती नसेल तर घरातून निघताना आपल्या ॲपवर एक गाणे लावून थांबवावे. सासूबाईंसाठी आरती सकाळी घरीच लावलेली बरी; तेथे पेट्रोलवाला मध्ये बोलत नाही.

प्रश्न: मी निपाणीहून भाड्याची गाडी चालवतो. कोल्हापूर, बेळगाव आणि चोर्ला घाटाने गोवा असे माझे फेरे असतात. गाडीत अँड्रॉइड ऑटो आहे, म्हणजे फोनातील नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर येतात. मला फक्त एकच ॲप हवे आहे आणि तेच नेहमी लागले पाहिजे, पण गिऱ्हाइकाने एखादा व्हिडिओ लावायला सांगितला की पुढचा सगळा दिवस बिघडतो. घाटात गाणे अडकते ते वेगळेच. आणि गाणे बंद ठेवावे म्हटले तर नकाशाचा आवाजही जातो. गिऱ्हाईक आपला फोनही जोडायला मागते, तो जोडू द्यावा का? — एक चालक, निपाणी

उत्तर: आपल्या पत्रात चार प्रश्न आहेत.

अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंग्ज गाडीत नसून फोनाच्या सेटिंग्जमध्ये, जोडलेल्या उपकरणांच्या विभागात असतात. तेथे ‘संगीत आपोआप सुरू करावे’ या अर्थाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर अँड्रॉइड ऑटो शेवटी वाजलेले पुढे चालू करते. बंद असेल तर ते गप्प राहते. एकच ॲप कायमचे नेमून द्यावे असा पर्याय तेथे नाही, म्हणून आपल्याला तो बाहेरून आणावा लागेल. सॅमसंगचा फोन असेल तर ‘मोड्स अँड रूटीन्स’ ही ‘अमुक झाले तर तमुक कर’ असे सांगून ठेवण्याची सोय त्यातच मिळते. ‘जर’ या बाजूला गाडीचे ब्लूटूथ आणि ‘तर’ या बाजूला आपले ॲप उघडणे व आवाज ठरावीक पातळीवर आणणे, अशी जोडी लावावी. इतर फोनांसाठी मॅक्रोड्रॉइड हे ॲप त्यातल्या त्यात समजायला सोपे आहे; टास्कर अधिक ताकदीचे आहे, पण त्याच्यामागे लागलेला माणूस गाडी चालवण्याचे विसरतो असा अनुभव आहे. दोन्हींत क्रम तोच: गाडी जोडली गेली, काही सेकंद थांब, अमुक ॲपला वाजवायला सांग. अँड्रॉइड १० पासून पडद्यामागून ॲप उघडण्यावर निर्बंध आले आहेत, त्यामुळे मॅक्रोड्रॉइडला ‘इतर ॲपांवर दिसण्याची’ परवानगी द्यावी लागते. बॅटरी वाचवण्याच्या यादीतूनही त्याला वगळावे, नाहीतर दोन दिवस नीट चालून तिसऱ्या दिवशी ते निजते आणि दोष आपण गाडीला देतो.

चोर्ल्यात मोबाइलची रेंज मध्ये मध्ये जातेच, त्यावर कोणतीही सेटिंग चालणार नाही. ॲपच्या आत गाणी उतरवून ठेवता येतात, पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी वर्गणी लागते; आणि ॲप बंद पडले की उतरवलेली गाणीही हाती राहत नाहीत. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये आणि विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झाले, हे आपल्या लक्षात असेल. गाण्यांच्या स्वतःच्या फायली फोनात किंवा पेनड्राइव्हवर असतील तर घाटासाठी त्याच खऱ्या उपयोगाच्या. पेनड्राइव्हला तर फोनही लागत नाही, आणि तेथे ॲपचा हा सगळा तंटाच संपतो.

आपल्या वर्णनावरून आपल्या गाडीत नकाशाचा आवाज गाण्याच्याच वाटेने येतो. आपण सिस्टीमचा आवाज शून्यावर नेता तेव्हा गाण्याबरोबर नकाशाही मुका होतो, म्हणून आवाज न उतरवता गाणे थांबवावे. अँड्रॉइड ऑटो न जोडता नुसत्या ब्लूटूथवर असाल तेव्हा गूगल मॅप्सच्या दिशादर्शनाच्या सेटिंग्जमध्ये ‘आवाज ब्लूटूथवरून’ असा पर्याय आहे. तो बंद केला की सूचना फोनाच्याच स्पीकरवरून येतात आणि गाडीत आकाशवाणी लावली तरी वळण चुकत नाही. त्याच मॅप्समध्ये गाण्याची बटणे दाखवण्याची सोय आहे आणि ती कोणत्या ॲपची असावीत हेही निवडता येते. आपल्याला ती उपयोगी पडेल, कारण नकाशा सोडून बाहेर यावे लागत नाही. हे सगळे लावणे गाडी उभी असताना करावे. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात चालवताना हातातील फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. तवंदी घाटाच्या उतारावर गाणे शोधणाऱ्याला तेथे पोलीस नसला तरी ट्रक असतो.

गिऱ्हाइकाचा फोन शक्यतो जोडू नये. त्याचा फोन जोडला की चौथा व्यवहारही सुरू होतो, म्हणजे त्याची नावे आणि क्रमांक गाडीत उतरू शकतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती पडद्यावर दिसली तर बोल आपल्याला लागेल. अगदी आग्रहच झाला तर जोडताना संपर्क देण्याची परवानगी त्याला नाकारायला सांगावी आणि भाडे उतरल्यावर गाडीच्या यादीतून त्याचा फोन पुसून टाकावा. जुनी गाडी विकतानाही हे करायचे लोक विसरतात. घेणाऱ्याला टायर दाखवतात आणि स्वतःचे सगळे सोयरे पडद्यावर ठेवून जातात.

प्रश्न: घरात एक गाडी, दोन फोन. यजमान अंगणात गाडी सुरू करतात आणि माझा फोन स्वयंपाकघरातून गाडीत बोलू लागतो. मी ऐकत असलेले कीर्तन माझ्या हातातून जाते आणि त्यांना ते नको असते. दोघांचेही फोन अँड्रॉइडचे आहेत. — एक वाचक, चिकोडी

उत्तर: फोनाच्या ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर धरतात, आणि अंगण व स्वयंपाकघर यांत तेवढे अंतर क्वचितच असते. गाडी आपल्या ओळखीच्या फोनांपैकी शेवटचा किंवा वरच्या क्रमांकाचा फोन शोधते. तिला सापडतो तो आपला.

वर सांगितलेल्या चार व्यवहारांपैकी आपल्या फोनातील एकच बंद करावा. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावासमोरील चाकाचे चिन्ह दाबले की कॉल, मीडियाचा आवाज आणि संपर्क अशी वेगवेगळी बटणे दिसतात. त्यांतले मीडियाचे बटण बंद करावे. आपण गाडीत असताना आपला फोन आला तर तो गाडीतून बोलता येईल, पण कीर्तन आपल्या फोनातच राहील. यजमानांच्या फोनात ते बटण चालू ठेवावे, आणि गाडीच्या सेटिंग्जमध्ये पसंतीचा फोन निवडता येत असेल तर त्यांचा निवडावा. पुष्कळ गाड्या एका फोनाला बोलण्यासाठी आणि दुसऱ्याला गाण्यासाठी एकाच वेळी धरू शकतात. पुढे कधी दोघांपैकी कोणी आयफोन घेतला तर मात्र मीडियाचे असे वेगळे बटण मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: माझी पिकअप जुनी आहे, हुक्केरीच्या बाजारात ऊस-भाजी नेतो. टेपला ब्लूटूथ नाही, वायर आहे. माझ्याकडे गाणे आपोआप लागतच नाही, ते लागावे म्हणून काय करावे? — एक शेतकरी, हुक्केरी

उत्तर: वायर दोन प्रकारची असते. हेडफोनच्या भोकात जाणारी साधी ऑक्स वायर असेल तर तिच्यातून आवाज फोनाकडून टेपकडे जातो, पण टेपकडून फोनाकडे हुकूम येण्याची वाटच नसते. त्यामुळे गाणे आपोआप लागणार नाही. इतर वाचक ज्यासाठी झगडत आहेत ते आपल्याला वायरनेच मिळवून दिले आहे. आपोआपच हवे असेल तर मॅक्रोड्रॉइडमध्ये ‘हेडफोन लावला’ हा प्रसंग निवडून आपले ॲप नेमून द्यावे.

यूएसबीची वायर असेल आणि फोन अँड्रॉइडचा असेल तर जोडल्यावर फोनाच्या वरच्या पट्टीत फक्त चार्जिंग की फायली, असे तो विचारतो. फायली निवडल्यास आणि टेपला ते वाचता येत असल्यास तो फोनातील गाणी पेनड्राइव्हसारखी स्वतःच वाजवतो. फक्त चार्जिंग निवडल्यास काहीच वाजत नाही. पण पिकअपच्या हादऱ्यांत यूएसबीची वायर सैल होते आणि दर खड्ड्याला गाणे पहिल्यापासून सुरू होते. त्यापेक्षा लहानसा पेनड्राइव्ह टेपला लावून ठेवावा. गाडी बंद करताना टेप त्यावर असला की सकाळी बहुतेक टेप तेथूनच सुरू होतात.